वूफरचा आवाज फाटतो, तेव्हा दोष कुठे शोधावा?
मोटार इलेक्ट्रिशियन व अ‍ॅक्सेसरीज दुकानदारांसाठी उपयुक्त माहिती

धामणगाव रेल्वे हे मध्य रेल्वेच्या मुंबई-नागपूर मार्गावरील कापसाचे गाव. यवतमाळकडचा प्रवासी पिढ्यानपिढ्या येथूनच गाडी पकडत आला. जिनिंग, बाजार समिती आणि स्टेशन यांच्या आधाराने येथील व्यापार वाढला. आता त्यात समृद्धी महामार्गाची भर पडली आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा हा रस्ता मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण झाला. अमरावती जिल्ह्यात तो धामणगाव, चांदूर रेल्वे व नांदगाव खंडेश्वर या तालुक्यांतून जातो. लांबचा प्रवास म्हटला की गाडीत गाणी आली, आणि गाणी आली की डिकीत वूफरचा डबा आला. बोलेरो, स्कॉर्पिओ, अर्टिगा तर सोडाच, शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरवरही आज वूफर वाजतो.

वूफर बसवणारे हात गावोगावी झाले आहेत. बिघाड नेमका ओळखणारे हात मात्र थोडे आहेत. गिऱ्हाईक येते आणि म्हणते, "भाऊ, आवाज फाटून राह्यला." बहुतेक ठिकाणी त्याला एकच उत्तर मिळते: वूफर गेला, नवा टाका. नवा टाकला जातो, चार-सहा हजारांचे बिल होते आणि पंधरा दिवसांत तोच आवाज पुन्हा फाटू लागतो. कारण दोष वूफरमध्ये नव्हताच. तो कुठेतरी वायरीत, अर्थमध्ये किंवा अ‍ॅम्प्लिफायरच्या एका बटणात होता. अशा वेळी गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि दुकानदाराचे नाव जाते. लहान गावात नाव गेले की धंदा परत उभा करायला वर्षे लागतात.

वायरिंग, बॅटरी, कुशन, डेंटिंग-पेंटिंग या मोटारीच्या कामांत आपले अनेक कारागीर आहेत. उस्तादाच्या हाताखाली पाहून-पाहून शिकलेले हुनर त्यांच्यापाशी आहे. त्याला थोड्या मोजमापाची जोड मिळाली, तर या कामात चांगली रोजी आहे. त्या दृष्टीने ही माहिती देत आहोत.

आवाज फाटतो म्हणजे काय होते?

लाउडस्पीकरची रचना जवळपास शंभर वर्षांत मुळातून बदललेली नाही. अमेरिकेतील राइस आणि केलॉग या दोन अभियंत्यांनी १९२५ मध्ये मांडलेलीच ती रचना आहे. चुंबकाच्या फटीत तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल. कॉइलला चिकटलेला कोन. कोनाच्या बाहेरच्या बाजूस रबराची किंवा फोमची कडा आणि आतल्या बाजूस कॉइलला मध्यभागी धरून ठेवणारी नालीदार कापडी चकती, जिला आपण स्पायडर म्हणतो. अ‍ॅम्प्लिफायरमधून जसा विजेचा प्रवाह येईल तसा कोन पुढे-मागे हलतो. प्रवाहाचा आकार आणि कोनाची हालचाल एकसारखी असेल तोवर आवाज स्वच्छ. दोहोंत फरक पडला की आवाज फाटला.

हा फरक चारच ठिकाणी पडू शकतो. एक, गाणे किंवा स्टिरिओच खराब संकेत पाठवत असेल. दोन, अ‍ॅम्प्लिफायर आपल्या कुवतीबाहेर चालवला जात असेल किंवा त्याला पुरेशी वीज मिळत नसेल. तीन, वूफर स्वतः जखमी असेल. चार, वूफर ठीक असून डबा किंवा गाडीचा पत्रा वाजत असेल. कारागिराने पहिल्या दिवसापासून ही चार घरे डोक्यात ठेवावीत आणि प्रत्येक तक्रार त्यांपैकी एका घरात नेऊन सोडावी.

हात लावण्यापूर्वी विचारा आणि ऐका

डॉक्टर नाडी पाहण्यापूर्वी प्रश्न विचारतो, तसेच येथे करावे. आवाज कधीपासून फाटतो? लहान आवाजातही फाटतो की मोठा केल्यावरच? इंजिन बंद असताना की चालू असताना? दुरुस्तीच्या आधी गाडीत दुसरे काही काम झाले होते का? नवा स्टिरिओ, नवी बॅटरी, पाण्यात गेलेली गाडी, उंदरांनी कुरतडलेली वायर?

या उत्तरांतच निम्मे निदान असते. लहान आवाजातही खरखर येत असेल तर संशय वूफरच्या कॉइलवर, सैल जोडावर किंवा स्टिरिओच्या पिनेवर घ्यावा. फक्त मोठ्या आवाजातच फाटत असेल तर गेन, बास बूस्ट, कमी पडणारी वीज किंवा चुकीचा डबा यांकडे पाहावे. ठोक्याबरोबर हेडलाइट मंद होत असेल तर सरळ विजेच्या पुरवठ्याकडे वळावे. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येत असेल तर तो फाटका आवाज नसून अर्थचा दोष आहे. गिऱ्हाईक दोन्हींना "खराब आवाज" म्हणेल. फरक आपण ओळखायचा.

यानंतर अदलाबदलीची युक्ती वापरावी. अ‍ॅम्प्लिफायरची पिन स्टिरिओतून काढून थेट मोबाइल जोडावा व आवाज बेताचा ठेवून ऐकावे. आवाज स्वच्छ झाला तर दोष स्टिरिओत किंवा त्याच्या वायरीत आहे. तसा झाला नाही तर आपल्याकडचा चांगला, तितक्याच ओहमचा एखादा स्पीकर वूफरऐवजी जोडून पाहावा. तो स्वच्छ वाजला तर दोष वूफरमध्ये किंवा डब्यात. तोही फाटला तर दोष अ‍ॅम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्या विजेत. दहा मिनिटांच्या या दोन चाचण्यांनी निम्मी अंधारकोठडी उजळते. गाणेही बदलून पाहावे. मोबाइलवर हातोहात फिरलेली, कमी दर्जाची फाइल मुळातच फाटलेली असते. तिला कोणताही वूफर सुधारू शकत नाही.

सर्वांत मोठा गुन्हेगार: गेनचे बटण

अ‍ॅम्प्लिफायरवरील गेनचे बटण म्हणजे आवाजाचे बटण, असा सार्वत्रिक गैरसमज आहे. वास्तविक ते स्टिरिओच्या संकेताशी अ‍ॅम्प्लिफायरचे प्रमाण जुळवण्यासाठी दिलेले असते. ते शेवटपर्यंत फिरवले की अ‍ॅम्प्लिफायर आपल्या मर्यादेपर्यंत लवकर पोहोचतो आणि त्यापुढे विजेची लाट वरून व खालून कापली जाते. गोल टेकडीचा माथा सपाट करावा तसे. यालाच क्लिपिंग म्हणतात. पूर्ण सपाट झालेली लाट त्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट शक्ती कॉइलमध्ये ओतते. म्हणूनच "तीनशे वॅटच्या अ‍ॅम्पने पाचशे वॅटचा वूफर कसा जळला?" या प्रश्नाचे उत्तर बहुधा याच बटणात सापडते.

बास बूस्टचे बटण त्याचा सख्खा भाऊ आहे. आवाज ३ डेसिबलने वाढवायला दुप्पट शक्ती लागते, ६ डेसिबलला चौपट, आणि १२ डेसिबलला सोळापट. गिऱ्हाइकाने बास बूस्ट १२ वर नेला म्हणजे त्या पट्ट्यातील स्वरांसाठी त्याने अ‍ॅम्प्लिफायरकडे सोळापट काम मागितले. स्टिरिओमध्ये वेगळा बास, अ‍ॅम्प्लिफायरवर वेगळा बूस्ट आणि मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये तिसरा इक्वलायझर, असे तिन्ही चढवलेले असतील तर आवाज न फाटला तरच नवल.

गेन कानाने लावण्याऐवजी मल्टिमीटरने लावावा. पाचशे ते हजार रुपयांत कामचलाऊ मल्टिमीटर मिळतो. रीत अशी:

प्रथम वूफरच्या वायरी अ‍ॅम्प्लिफायरपासून काढाव्यात. बास बूस्ट शून्य करावा. सर्व इक्वलायझर सपाट करावेत. अ‍ॅम्प्लिफायरचा लो-पास फिल्टर तात्पुरता शेवटपर्यंत वर न्यावा. गेन पूर्ण खाली आणावा. इंजिन चालू ठेवून स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांश करावा आणि ५० हर्ट्झचा चाचणी स्वर लावावा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकर टर्मिनलवर धरावा आणि ठरलेला आकडा येईपर्यंत गेन हळूहळू वाढवावा.

हा आकडा कसा काढायचा? वॅटला ओहमने गुणावे आणि त्याचे वर्गमूळ घ्यावे. ३०० वॅट व ४ ओहम असतील तर १२०० चे वर्गमूळ, म्हणजे ३४.६ व्होल्ट. १५० वॅट व ४ ओहमला २४.५ व्होल्ट. ३०० वॅट व २ ओहमलाही २४.५. ५०० वॅट व २ ओहमला ३१.६. वॅट घेताना अ‍ॅम्प्लिफायर आणि वूफर या दोहोंपैकी ज्याचा आकडा कमी असेल तो धरावा आणि तोही आरएमएस वॅटचा. काम झाल्यावर वूफर जोडून, लो-पास फिल्टर ८० हर्ट्झच्या आसपास आणून, रोजच्या गाण्यावर ऐकून पाहावे. तरीही फाटत असेल तर गेन आणखी थोडा खाली आणावा, कारण प्रत्यक्ष भार पडल्यावर अ‍ॅम्प्लिफायर मोकळा असताना दिले तेवढे व्होल्ट देईलच असे नाही.

डब्यावरचे वॅट आणि फ्यूजमधले वॅट

स्वस्त अ‍ॅम्प्लिफायरवर "२००० वॅट" असे ठळक छापलेले असते. त्यावर विसंबून गेन लावला तर वरचे सगळे गणित चुकेल. खरे वॅट ओळखण्याची सोपी कसोटी म्हणजे त्याचा फ्यूज. समजा, अ‍ॅम्प्लिफायरला ३० अँपिअरचा एकच फ्यूज आहे. इंजिन चालू असताना १३.५ व्होल्ट धरले तर आत येणारी वीज फार तर ४०५ वॅट. त्यातली काही उष्णतेत जाणारच. जुन्या पद्धतीच्या एबी वर्गाच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून साधारण निम्म्याहून थोडी अधिक, तर डी वर्गाच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून साधारण ऐंशी टक्के वीज बाहेर पडते. म्हणजे हा अ‍ॅम्प २२० ते ३२० वॅटच्या दरम्यानचा आहे. त्यावर दोन हजार लिहिले काय आणि पाच हजार लिहिले काय, सारखेच. माल खरेदी करणाऱ्या दुकानदारानेही ही कसोटी लक्षात ठेवावी. घाऊक बाजारात छापील आकड्यावर भाव मोजण्यापेक्षा फ्यूज आणि वजन पाहून माल घ्यावा.

वीजच पोहोचत नसेल तर?

सुस्थितीतील बॅटरी इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.४ व्होल्ट असावेत. आता वूफर जोरात वाजवून हाच आकडा अ‍ॅम्प्लिफायरच्या टर्मिनलवर मोजावा. बॅटरीवर १३.८ आणि अ‍ॅम्प्लिफायरवर ११.५ असे दिसले तर मधले दोन-सव्वादोन व्होल्ट वाटेत खर्च झाले. वाट म्हणजे वायर, जोड, फ्यूजचे घर आणि अर्थ.

वायरीचा हिशेब पाहू. बॅटरीपासून डिकीपर्यंत साधारण पाच मीटर वायर लागते. ती २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची असेल आणि ३० अँपिअर ओढले जात असतील तर केवळ त्या वायरीत एक व्होल्ट पडतो. ८ गेजची, म्हणजे सुमारे ८.४ चौरस मिलिमीटरची वायर घातली तर तीच घट ०.३ व्होल्टवर येते. बाजारात आज बरीचशी "किट" वायर तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची असते. तिचा विरोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो, आणि वरचे आवरण मात्र जाडजूड. ओळखण्यासाठी एक तंतू चाकूने खरवडावा. आत पांढरा दिसला तर अ‍ॅल्युमिनियम. ती वापरूच नये असे नाही, पण एक माप जाड घ्यावी आणि गिऱ्हाइकाला तांबे म्हणून विकू नये.

अर्थ हा दुसरा लपलेला चोर. रंगावरच स्क्रू आवळलेला अर्थ सुरुवातीला चालतो आणि एका पावसाळ्यात गंजतो. रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर लग बसवावा, दातेरी वॉशर घालावा आणि वरून ग्रीस लावावे. अर्थची वायर पॉझिटिव्हइतकीच जाड हवी आणि लांबी जितकी कमी तितकी बरी. चाचणी सोपी आहे. वूफर वाजत असताना मीटरचे एक टोक अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थवर आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हवर धरावे. ०.१ ते ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसले तर आधी अर्थ दुरुस्त करावा, मग बाकीचे बोलावे.

येथे कपॅसिटरविषयी दोन शब्द. आवाज फाटतो म्हणून एक फॅरडचा चमकदार कपॅसिटर विकण्याची पद्धत आहे. हिशेब केला तर १४ व्होल्टवरून १३ व्होल्टवर उतरताना त्यातून फक्त १३.५ ज्यूल ऊर्जा मिळते. ३०० वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरला ती सेकंदाच्या विसाव्या भागापुरतीही पुरत नाही. कपॅसिटर वीज निर्माण करत नाही. कमजोर बॅटरी, थकलेला अल्टरनेटर किंवा बारीक वायर यांवर तो इलाज नव्हे. ट्रॅक्टरच्या बाबतीत तर हे अधिकच लागू पडते. त्याचा अल्टरनेटर मोटारीच्या मानाने लहान असतो. तेथे मोठा अ‍ॅम्प्लिफायर बसवण्यापूर्वी अल्टरनेटरवरील अँपिअरचा आकडा वाचावा आणि गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे.

वूफरची तपासणी

वूफर डब्यातून काढून मीटर ओहमवर ठेवावा. प्रथम मीटरची दोन्ही टोके एकमेकांना लावून त्यांचा स्वतःचा विरोध पाहावा आणि तो पुढे वजा करावा. ४ ओहमच्या चांगल्या कॉइलला मीटर ३.२ ते ३.८ दाखवतो. २ ओहमच्या कॉइलला १.६ ते १.९. हे पाहून घाबरू नये. छापील ओहम आणि मीटरवरील ओहम यांत एवढा फरक असतोच. आकडाच येत नसेल तर कॉइल तुटली. फारच कमी येत असेल तर आतील वेढे जळून एकमेकांना चिकटले. आकडा कोन हलवताना उड्या मारत असेल तर कोनाकडे जाणारी वेणीसारखी तार तुटत आली आहे. ती डाग देऊन वाचवता येते. असा वूफर फेकून देणे म्हणजे गिऱ्हाइकाचे नुकसान.

त्यानंतर दोन्ही हातांची बोटे कोनावर समान अंतरावर ठेवून तो हलकेच आत दाबावा. मऊ, बिनआवाजी हालचाल हवी. खर्रखर्र ऐकू आली तर कॉइल चुंबकाला घासते आहे. जळक्या वार्निशचा वास आला तर ती तापून फुगली आहे. कडा फाटली असेल किंवा कोनापासून सुटली असेल तर ती चिकटवता किंवा बदलता येते. विदर्भातील उन्हाळा पाहता हे प्रकार नवल नाहीत. बाहेर पारा ४५ अंशांवर असताना उन्हात उभ्या गाडीची डिकी त्याहून कितीतरी अधिक तापते, डिंक मऊ होतो आणि फोम लवकर ठिसूळ होतो.

उष्णतेचा आणखी एक परिणाम आहे. तांब्याचा विरोध तापमानाबरोबर वाढतो. ३.४ ओहमची कॉइल १५० अंशांनी तापली तर ती ५.४ ओहमच्या घरात जाते. विरोध वाढला की शक्ती घटते आणि आवाज बसतो. गाडीवाला म्हणतो, आवाज कमी झाला, आणि बटण आणखी फिरवतो. येथून क्लिपिंग सुरू होते. तासाभराच्या प्रवासानंतरच आवाज फाटतो, अशी तक्रार असेल तर हे चक्र आठवावे. अ‍ॅम्प्लिफायरच्या पंखांमध्ये साचलेली धूळ आणि कापसाची पुंजकी हवेने साफ करावीत. जिनिंगच्या परिसरात फिरणाऱ्या गाड्यांत ती हमखास सापडतात. अ‍ॅम्प्लिफायर सतरंजीखाली किंवा थेट वूफरच्या डब्यावर बसवू नये.

दोन कॉइलच्या वूफरमध्ये जोडणीची चूक फार होते. ४ अधिक ४ ओहमच्या कॉइल समांतर जोडल्या तर २ ओहम, एकापुढे एक जोडल्या तर ८ ओहम. अ‍ॅम्प्लिफायर दोन वाहिन्या ब्रिज करून चालवत असाल तर प्रत्येक वाहिनीला निम्मेच ओहम दिसतात. २ ओहमचा वूफर ब्रिजवर लावला म्हणजे प्रत्येक बाजूला १ ओहम. साधा अ‍ॅम्प्लिफायर हा भार सोसत नाही. आवाज फाटतो, मग लाल दिवा लागतो. दोहोंपैकी एक कॉइल उलटी जोडली गेली असेल तर दोन्ही एकमेकींना ओढतात आणि आवाज जवळजवळ नाहीसा होतो. दीड व्होल्टच्या साध्या सेलने तपासावे. पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह लावताच कोन बाहेर यावा. दोन्ही कॉइलवर हालचाल एकाच दिशेने हवी.

डबा आणि पत्रा

ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी स्पीकर आणि डबा यांचे गणित घालून दिले. वूफरसोबत येणाऱ्या पत्रकातील एफएस, क्यूटीएस, व्हीएएस हे आकडे त्यांचेच. कारागिराने निदान पत्रकात दिलेले डब्याचे लिटर पाळावेत. आतील माप ४० गुणिले ३५ गुणिले ३० सेंटिमीटर म्हणजे ४२ लिटर. त्यातून वूफरने व्यापलेली जागा वजा करावी. "डिकीत बसेल तेवढा" डबा हा हिशेब नव्हे.

बंद डब्याच्या सांध्यातून हवा गळत असेल तर फुस्स असा आवाज येतो. ४० हर्ट्झचा स्वर लावून सांध्यांजवळ पेटती उदबत्ती फिरवावी. धूर थरथरला तेथे गळती. सिलिकॉन किंवा फेविकॉल आणि भुसा भरून ती बुजवावी. भोकाच्या, म्हणजे पोर्टच्या डब्यात वेगळा धोका आहे. डबा ज्या कंपनसंख्येला लावलेला आहे, समजा ३५ हर्ट्झ, त्याखालच्या स्वरांवर कोनाला आतील हवेचा आधार राहत नाही आणि तो बेफाम हलून आपटतो. अशा वेळी सबसॉनिक फिल्टर त्या आकड्याच्या थोडा खाली लावावा. डब्यासाठी १८ मिलिमीटरची लाकडी पाटी वापरावी. साधा एमडीएफ पावसाळ्यात पाणी लागल्यास फुगतो, म्हणून कडांना रंग किंवा डिंकाचा हात द्यावा.

अनेकदा वूफर निर्दोष असतो आणि थरथरते ती नंबरप्लेट, डिकीचे झाकण, स्टेपनीवरचा जॅक किंवा मागच्या काचेजवळचा प्लास्टिकचा फलक. २० ते १०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा स्वर लावून एकाने एकेक भाग हाताने दाबत जावे. हात ठेवल्यावर आवाज थांबला की दोष सापडला. तेथे फोमची पट्टी, नमदा किंवा डांबरी शीट लावल्यास काम होते. शंभर-दोनशे रुपयांच्या सामानात मिटणाऱ्या या तक्रारीवर नवा वूफर विकणे कोणत्याही हिशेबाने योग्य ठरत नाही.

जिवाशी खेळ नको

या कामातील सर्वांत गंभीर गोष्ट आवाज फाटणे नसून आग लागणे ही आहे. बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत मुख्य फ्यूज हवाच. अ‍ॅम्प्लिफायरवरचा फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरला वाचवतो, वायरीला नाही. मधली पाच मीटर वायर पत्र्यावर घासून उघडी पडली तर बॅटरीचा सगळा प्रवाह तेथून वाहील. म्हणून इंजिनच्या भिंतीतून वायर नेताना रबरी ग्रोमेट घालावा. वायर जिथे कुरतडलेली दिसेल तिथे टेप न गुंडाळता ती बदलावी. फ्यूज उडाला म्हणून तेथे तार गुंडाळणे किंवा मोठा फ्यूज घालणे हे कारागिराचे काम नव्हे.

पिवळ्या आवरणाच्या किंवा पिवळ्या कनेक्टरच्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांना हात लावू नये. मागच्या सीटखाली स्क्रू मारण्यापूर्वी खाली पेट्रोलची टाकी नाही ना, हे वाकून पाहावे. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर तिच्या आधाराला छिद्र पाडू नये आणि सैल जोड ठेवू नये. नवीन गाडीची कंपनीची वायर कापल्यास वॉरंटीचा वाद उभा राहतो. त्याऐवजी मिळणारे जोड-कपलर वापरावेत. आजकालचे अनेक कंपनी-स्टिरिओ आवाज वाढवला की आपणहून बास कमी करतात, हेही गिऱ्हाइकाला आधी सांगावे, म्हणजे नंतर वाद होत नाही.

कानाचाही विचार व्हावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानले जाते. बंद गाडीतील मोठा वूफर ही मर्यादा सहज ओलांडतो. बाहेरच्यांसाठी २००० चे ध्वनिप्रदूषण नियम आहेतच. दवाखाने, शाळा, न्यायालये यांच्या भोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असते आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत बंधने अधिक कडक असतात. दुकानासमोर चाचणी घेताना शेजाऱ्यांची झोप आणि लहान मुलांचा अभ्यास ध्यानात ठेवावा. शेजार दुखावून धंदा चालत नाही.

निदानाची मजुरी मागा

आपल्याकडे सामान विकले तरच पैसे मिळतात, तपासणी फुकट, अशी पद्धत पडली आहे. चुकीच्या निदानाचे मूळ येथेच आहे. तपासणीला मोल नाही म्हणून कारागीर घाईने वूफर बदलतो, कारण त्याची कमाई वूफरच्या नफ्यात आहे. यावर उपाय सरळ आहे. तपासणीची ठराविक मजुरी फलकावर लिहावी आणि पुढे काम झाल्यास ती बिलातून वजा करावी. चौकशीची उत्तरे, बॅटरीचे व्होल्ट, अ‍ॅम्प्लिफायरवरचे व्होल्ट, अर्थमधील घट, कॉइलचे ओहम आणि लावलेला गेन हे सहा मुद्दे कागदावर लिहून गिऱ्हाइकाला द्यावेत व एक प्रत दुकानात ठेवावी. सहा महिन्यांनी तीच गाडी परत आली तर काय बदलले ते त्या कागदावर दिसते. काढलेले जुने सामान गिऱ्हाइकाच्या हाती द्यावे. ठेवायचे की टाकायचे ते त्याने ठरवावे.

शिकाऊ मुलांनाही पहिल्या महिन्यापासून मीटर हाती द्यावा. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकसारखे अभ्यासक्रम आहेत. दिवसा तेथे आणि सुटीत दुकानात, असे शिकलेला तरुण उद्या विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या कामातही मागे पडणार नाही, कारण व्होल्ट, अँपिअर आणि ओहम यांचा हिशेब तेथेही हाच आहे. धामणगावच्या गिऱ्हाइकाला वूफरसाठी अमरावती किंवा नागपूर गाठावे लागू नये, एवढे काम येथील दुकानांत निश्चित होऊ शकते. त्यासाठी लागणारी हत्यारे बहुतेकांच्या गल्ल्याशेजारच्या खणात आधीच पडलेली आहेत. ती रोज वापरात यावीत.